भाव पडला की व्याजही पडतं : एका सल्लागाराशी झालेलं बोलणं



आजची नोंद पिकाची नाही, पैशाची आहे. तुरीवरच्या शेंगअळीचं पुढच्या नोंदीत घेऊ.

आमच्या शिवारातून रस्ता गेला. नऊ घरांची जमीन त्यात गेली आणि मोबदल्याचे पैसे खात्यावर आले. माझे थोरले चुलतभाऊ, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, त्यांची सव्वादोन एकर गेली. ३९ लाख मिळाले. मागं साडेतीन एकर राहिली. अण्णांचं वय ६३. मुलगा पुण्यात कंपनीत, गावात अण्णा आणि वहिनी.

पैसे आल्याची बातमी गावात कशी फिरते ते तुम्हाला माहीत आहे. आठवड्याभरात विम्याचा एजंट आला, पतसंस्थेचे संचालक आले, तालुक्याच्या बाहेर प्लॉट पाडलेला एकजण आला, ट्रॅक्टरवाला आला. अण्णा म्हणाले, "जमीन मोजायला आले तवा कुणी इचारायला आलं न्हाई, आता चहाची भांडी वाळंना झाली."

हसण्यावारी नेलं तरी गोष्ट गंभीर आहे. एका सालचं सोयाबीन गेलं तर पुढचं साल असतं. दोन पिढ्यांनी राखलेली जमीन विकून आलेला पैसा एकदाच येतो. तो संपला तर परत यायला विकायला उरते ती राहिलेली साडेतीन एकर.

लातूरला एक गुंतवणूक सल्लागार आहेत. शेतकऱ्याच्याच घरातले, वडील अजून शेतात जातात. नाव लिहू नका म्हणाले, ती जाहिरात होईल. त्यांच्याशी आमच्या तीन बैठका झाल्या. मी वही घेऊन बसलो होतो. पटलं ते आणि जिथं पटलं नाही तेही खाली लिहितोय. हा सल्ला समजू नका. तुमचं घर, तुमचं कर्ज, तुमचं वय वेगळं आहे. हिशोब कसा मांडायचा तेवढं घ्या.

तुमचं पोट कशावर भरतं?

आम्ही बसल्या बसल्या त्यांनी स्वतःच सांगितलं की मी सल्ल्याची फी घेतो, कुठल्याही योजनेवर कमिशन घेत नाही. सेबीच्या नियमांत दोन वेगळी माणसं आहेत. एक नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार, तो तुमच्याकडून फी घेतो. त्याचा नोंदणी क्रमांक आयएनए या अक्षरांनी सुरू होतो आणि सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. दुसरा वितरक. त्याला फंड कंपनी कमिशन देते, तेही दरवर्षी, तुमचे पैसे तिथं असेपर्यंत. वितरक म्हणजे लबाड असं अजिबात नाही. पण आपण कृषी सेवा केंद्रात उभं राहून "कोणतं औषध मारू" असं विचारतो, तेव्हा समोरच्याचा नफा कोणत्या बाटलीत जास्त आहे हे आपण मनात धरतोच ना? तसंच इथं धरायचं. ते म्हणाले, "पहिला प्रश्न हाच विचारा, की तुमचं पोट कशावर भरतं? ज्याला राग येईल त्याला चहा पाजून वाटेला लावा."

मग त्यांनी गुंतवणुकीचं काही न बोलता मागच्या पाच वर्षांच्या आडतीच्या पट्ट्या मागितल्या. अण्णांकडं नव्हत्या. माझ्या वहीत होत्या. आमची बांधाला बांध लागून शेती, पीक तेच, म्हणून माझे आकडे चालले.

वहीतलं सोयाबीन

२०२१ च्या ऑगस्टात लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन १० हजारांच्या घरात होतं. आपल्यापैकी बहुतेकांकडं तेव्हा विकायला माल नव्हता. त्याच महिन्यात केंद्रानं १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली. आपला माल येईपर्यंत भाव खाली आला होता. तिथून दरसाल उतरतच गेला. २०२४ ला हमीभाव ४,८९२ होता, माझी पट्टी ४,१०० ची. २०२५ ला हमीभाव ५,३२८ झाला, आणि सप्टेंबरच्या पावसात भिजलेलं माझं पहिलं सोयाबीन ३,९५० ला गेलं. वाळवून ठेवलेलं नंतर ४,३०० ला.

सल्लागारांनी या ओळींपुढं कारणं लिहिली. ती लिहिताना मला पहिल्यांदा नीट कळलं की आपण कशावर बसलोय. सोयाबीनमध्ये तेल १८ टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतेक पेंड. म्हणून भाव तेलापेक्षा पेंडीवर जास्त ठरतो. इकडं मका आणि तांदळापासून इथेनॉल वाढलं. त्यातून उरणारा चोथा पशुखाद्यात स्वस्तात जायला लागला, आणि सोयापेंडीची मागणी तेवढी घटली. तेलाच्या बाजूला सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयातशुल्क २० टक्के केलं, आणि मे २०२५ अखेर ते १० टक्क्यांवर आणलं. ब्राझीलमध्ये पीक भरघोस. आणि सोयाबीन, हरभऱ्याचा वायदा सेबीनं डिसेंबर २०२१ मध्ये थांबवला, त्यामुळं पुढच्या भावाचा अंदाज घेण्याचं साधनही गेलं.

"अण्णा," ते म्हणाले, "तुम्ही म्हणता शेअर बाजार म्हणजे जुगार, आपल्याला नको. पण पाऊस, ब्राझील, दिल्लीचं शुल्क आणि इथेनॉल या चार गोष्टींवर तुमचं वर्षाचं उत्पन्न लागलंय, आणि यातलं एकही तुमच्या हातात नाही. एवढी जोखीम शहरातला पगारदार सात जन्मांत घेत नाही. तुम्ही आधीच मोठे जोखीमदार गुंतवणूकदार आहात. मग बाहेरचा पैसा कसा असावा?"

वहिनी आतून म्हणाल्या, "गप पडून राहणारा."

ते म्हणाले, "बरोबर. बहुतेक पैसा तसाच. पण सगळा नाही. का ते सांगतो."

स्वस्ताईच्या वर्षात दोन्हीकडून मार

हा भाग मी दोनदा विचारून लिहून घेतला, कारण पूर्ण बोलण्यातला माझ्यासाठी नवा मुद्दा हाच होता.

रेपो दर म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना थोड्या मुदतीसाठी पैसे देते तो दर. फेब्रुवारी २०२३ पासून दोन वर्षं तो ६.५० टक्के होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये ६.२५ झाला, एप्रिलमध्ये ६, जूनमध्ये ५.५०, डिसेंबरमध्ये ५.२५. एका वर्षात सव्वा टक्का खाली. बँकांच्या ठेवींचे दरही मागोमाग उतरले. जुनी ठेव मुदतीपर्यंत जुन्याच दरानं चालते, पण नवी ठेवायला किंवा जुनी नूतनीकरणाला गेलात की फरक कळतो.

रिझर्व्ह बँकेनं दर का उतरवले? मुख्य कारण महागाई उतरली. ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्के निघाला, २०१२ पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेतला सगळ्यांत कमी. आणि महागाई का उतरली? जीएसटी कपातीचा वाटा होताच, पण त्या मालिकेत जवळपास ४६ टक्के वजन खाण्यापिण्याचं आहे. भाजीपाला पडला, डाळी पडल्या. तूर बिनशुल्क येत राहिली. त्या महिन्यात खाद्यपदार्थांच्या किमती आदल्या वर्षीपेक्षा ५ टक्क्यांनी कमी होत्या.

आता हे आपल्या बाजूनं वाचा. खाद्यपदार्थ स्वस्त म्हणजे आपला माल स्वस्त. आपला माल स्वस्त म्हणून महागाई कमी, महागाई कमी म्हणून व्याजदर कमी. ज्या वर्षी आडतीवरची पट्टी छोटी येते, त्याच सुमारास बँकेत ठेवीचं व्याजही छोटं होतं. शेती आणि ठेव, आपण वेगळ्या समजतो त्या दोन टोपल्या बऱ्याच वेळा एकाच खांद्यावर असतात.

मग स्वस्ताईचा फायदा कुणाला होतो? कच्चा माल स्वस्त मिळणाऱ्या कारखान्यांना, हप्ता कमी झालेल्या घर-गाडीवाल्यांना, आणि त्यांना माल विकणाऱ्या कंपन्यांना. सल्लागारांचं म्हणणं असं, की शेतकऱ्यानं आपल्या पैशातला थोडा हिस्सा त्या बाजूला उभा करावा. देशातल्या मोठ्या पन्नास कंपन्यांचा एकत्र फंड असतो, निफ्टी ५० चा इंडेक्स फंड. त्यात कुठली कंपनी निवडायची हा प्रश्न नसतो आणि खर्च कमी. आपण सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी टाकतो त्यातलाच प्रकार. पाऊस लवकर उघडला तर एक धरतं, उशिरापर्यंत राहिला तर दुसरं.

मी इथं त्यांना अडवलं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आमचे टोमॅटो शेतात सडले आणि सेन्सेक्सही पडला. जानेवारीत ४२ हजारांना लागलेला, २३ मार्चला २६ हजारांच्या खाली. म्हणजे दोन्ही एकदम गेलं की! त्याच्या आधी २००८ ला जानेवारीत २१ हजार पाहिलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात ८ हजारांच्या खाली जाऊन आला. तुमची तूर आणि सोयाबीन एकाच गारपिटीत झोपली तर?

त्यांनी मान्य केलं. म्हणाले, "झोपते. म्हणून तो हिस्सा छोटा ठेवायचा आणि सात-आठ वर्षं लागणार नाही असाच पैसा टाकायचा. २०२० ची पडझड त्याच वर्षात भरून निघाली, २००८ ची भरायला नोव्हेंबर २०१० उजाडला. तोवर ज्याला लेकीच्या लग्नासाठी पैसे काढावे लागले, त्याच्यासाठी बाजार परत वर आला याला काही अर्थ नाही. आधी कणगी भरा, मग हे."

कणगी

कणगी म्हणजे त्यांच्या भाषेत आणीबाणीचा पैसा. पगारदाराला सहा महिन्यांचा खर्च पुरतो म्हणतात. शेतकऱ्याला दीड वर्षाचा घरखर्च आणि एका हंगामाचा लागवडीचा खर्च हवा, कारण आपला एक हंगाम बुडाला की पुढचं उत्पन्न सहा-आठ महिन्यांनी येतं. अण्णांचा आकडा ५ लाखांवर आला.

हा पैसा कुठं ठेवायचा यावर सगळ्यांत जास्त वेळ गेला. पतसंस्थेचे संचालक नात्यातले आहेत, आणि तिथं बँकेपेक्षा ४ टक्के जास्त व्याज मिळत होतं.

नियम असा आहे. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून एका माणसाला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत रक्कम मिळते. ४ फेब्रुवारी २०२० च्या आधी हीच मर्यादा १ लाख होती. यात सरकारी, खासगी आणि सहकारी बँका येतात. पतसंस्था यात येत नाही. मल्टिस्टेट पतसंस्थाही येत नाही. नावात काहीही असलं तरी ती बँक नव्हे. मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत किती ठेवीदार पावत्या हातात घेऊन कचेऱ्यांचे उंबरे झिजवतायत ते मी वेगळं सांगायला नको.

सल्लागारांनी अण्णांना एवढंच विचारलं, "ते तुम्हाला बारा टक्के देणार, मग कर्ज किती टक्क्यांनी वाटत असतील? सोळा-सतरा. आज बँक दारात उभी असताना सोळा टक्क्यांनी कर्ज कोण घेतो? ज्याला बँक उभं करत नाही तो. तुमची जमीन त्याच्या भरवशावर ठेवायची का?"

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "नात्यात वाईटपणा येतोय." ते खरंच आहे. गावात राहणाऱ्याला हा खर्चही धरावा लागतो. शेवटी अण्णांनी संचालकांना मुलाचं नाव सांगितलं, की पैसे पोरगं बघतंय. असं निमित्त मिळत असेल तर घ्यावं.

कर्ज फेडणं हीसुद्धा गुंतवणूकच

अण्णांवर तीन प्रकारचं देणं होतं. दागिने गहाण ठेवलेलं कर्ज, कृषी सेवा केंद्राची उधारी, आणि शेकडा ३ रुपयांनी घेतलेले हातउसने. महिन्याला शेकडा ३ म्हणजे वर्षाला ३६ टक्के. सल्लागार म्हणाले, "३६ टक्के देणारी योजना मी तुम्हाला कुठून आणू? हे फेडलं की तेवढं खात्रीनं वाचलं, त्याला बाजार लागत नाही आणि पाऊसही लागत नाही." सगळं मिळून ४ लाख. पहिल्या दिवशी फेडलं.

पीककर्ज मात्र फेडून बंद करू नका म्हणाले. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत परत केलं तर केंद्राची सवलत धरून ४ टक्के पडतं, आणि आपल्या राज्यात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळं ते शून्यावर येतं. इतकं स्वस्त भांडवल कारखानदारालाही मिळत नाही. पण एक दिवस मुदत चुकली तर सवलत गेली. म्हणून परतफेडीची रक्कम कणगीतच, वेगळी धरून ठेवायची.

जमीन घ्यायची का?

अण्णांच्या मनात खरं तर हेच होतं. जमीन गेली तर जमीनच घ्यावी. आमच्याकडं रस्त्याला लागून नसलेली जमीनसुद्धा आता एकरी २० लाख म्हणतात. ठोक्यानं दिली तर वर्षाला एकरी २० हजार मिळाले तरी पुष्कळ. म्हणजे १ टक्का. बाकीचा फायदा भाव वाढण्यावर, आणि तो कधी वाढेल हे रस्ता, पाणी, कारखाना यांवर.

सल्लागारांनी हे गणित मांडलं पण हसले नाहीत. जमिनीचं काम नुसतं उत्पन्नाचं नसतं, लग्नाच्या बैठकीत पहिला प्रश्न एकराचाच असतो, हे त्यांना माहीत आहे. ते म्हणाले, "तुमची जमीन तीन कामं करत होती. दरसाल पीक देत होती, हळूहळू वाढत होती, आणि अडीनडीला गहाण पडत होती. या पैशाकडून ही तिन्ही कामं करून घ्यायची. एकाच योजनेत तिन्ही मिळत नाहीत, म्हणून वाटणी." अण्णांनी जमिनीचा विषय सोडला, मनातून सोडला का ते सांगता येत नाही.

सोनं

वहिनींचा कल सोन्याकडं, आणि २०२५ नं त्यांना बळ दिलं. एप्रिलमध्ये तोळा लाखावर गेला आणि पुढं जातच राहिला. जगभरातल्या मध्यवर्ती बँका सोनं घेतायत, लढाया आहेत, आणि रुपयाही घसरला, डिसेंबरात डॉलर ९० रुपयांच्या पुढं गेला. पण त्यांनी मागचा काळही दाखवला. २०१२ ते २०१८ सोनं ३० हजारांच्या आसपासच घुटमळत होतं, मधे २६ हजारांपर्यंत उतरलंही. सहा-सात वर्षं वाढ नाही, आणि दागिन्याची मजुरी, ३ टक्के जीएसटी वेगळा. त्यांचा सल्ला असा होता, की गहाणाचे दागिने सोडवून आणलेत ना, तेच तुमचं सोनं, अजून घेऊ नका. वहिनींना पटलं नाही, पण दागिने घरात आले म्हणून त्या गप्प बसल्या.

माझं वेगळं मत : पाणी

त्यांच्या यादीत शेतीतला खर्च सगळ्यांत शेवटी होता. "आधीच सगळी जोखीम शेतात आहे, अजून कशाला?" हे तर्कानं बरोबर आहे. पण शेतातला सगळा खर्च सारखा नसतो. ट्रॅक्टर घेणं वेगळं, आणि पाण्याची सोय करणं वेगळं. पाणी जोखीम कमी करतं.

मी माझा हरभऱ्याचा हिशोब दाखवला. कोरडवाहू हरभरा आणि तुषारनं दोन पाणी दिलेला हरभरा, फुलं लागायच्या आधी एक आणि घाटे भरताना एक. माझ्या मध्यम काळ्या रानात फरक एकरी ३ क्विंटलचा येतो. चार एकरांत १२ क्विंटल. ५,४०० चा भाव धरला तर ६४,८०० रुपये. वीज, मजुरी, पाइप हलवणं यांचे १२ हजार वजा केले तरी ५२ हजारांच्या वर उरतात.

ते म्हणाले, "विहीर आटली त्या वर्षी?" मी म्हटलं, पाच वर्षांत तीनच वर्षं धरा. तरी दीड लाखाच्या वर. त्यांनी आकडेमोड केली आणि पाण्यासाठी ३ लाख वर सरकवले. अट एकच घातली, की असा हिशोब वहीत असेल तरच. "शेजाऱ्यानं केलं म्हणून" हे कारण चालणार नाही. कृषी सहायक आणि अभ्यासक मंडळी इथं वाचतात, त्यांना माझी विनंती. शिफारस सांगताना उत्पादन किती वाढेल एवढं न सांगता पाच वर्षांत चांगली-वाईट वर्षं धरून रुपये किती उरतील तेही सांगत जा. बँकेतल्या ठेवीशी तुलना करायला आम्हाला तोच आकडा लागतो.

शेवटी वाटणी अशी झाली

कर्जफेड ४ लाख. कणगी ५ लाख, दोन बँकांत, वेगवेगळ्या मुदतीच्या छोट्या ठेवी करून, म्हणजे एक मोडली तर सगळी मोडायला नको. अण्णांच्या नावानं पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख. तिचा दर ८.२ टक्के, ठेवताना असेल तो पाच वर्षं कायम, मर्यादा ३० लाख. तिमाहीला ३०,७५० रुपये खात्यात येतात. वहिनींच्या नावानं पोस्टाच्याच मासिक उत्पन्न योजनेत ५ लाख, ७.४ टक्क्यांनी महिन्याला ३,०८३ रुपये. पाण्यासाठी ३ लाख. घराच्या छताला २ लाख. आणि ५ लाख इंडेक्स फंडात, एकदम नाही, महिन्याला २५ हजार असे वीस महिने.

तिमाहीचे आणि महिन्याचे हे पैसे गेलेल्या सव्वादोन एकरांच्या निव्वळ उत्पन्नापेक्षा जास्त आहेत. वहिनींनी हे बोलून दाखवलं तेव्हा अण्णांना बरं वाटलं नाही. तेही साहजिक आहे.

ज्यांना मोबदल्यासारखी मोठी रक्कम नाही, त्यांच्यासाठी एक गोष्ट. दरमहा हप्ता ही पद्धत पगारदाराची आहे. आपला पैसा वर्षातून दोनदा येतो, दिवाळीच्या आगंमागं सोयाबीनचा आणि होळीनंतर हरभऱ्याचा. खात्यात पैसे नसताना हप्ता परत गेला तर बँक दंड लावते. त्यापेक्षा माल विकला की पट्टीतून ठरलेला भाग काढून टाकायचा, सालातून दोन वेळा. आणि फंड घेताना 'डायरेक्ट' प्रकार विचारा, त्यात कमिशन कापलं जात नाही.

कराचंही विचारून घ्या. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण शेतीच्या पैशातून केलेल्या ठेवीचं व्याज शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. आणि प्रत्येक खात्याला वारसाचं नामनिर्देशन आहे का ते बघा. आमच्या नऊ घरांतल्या तीन घरी नव्हतं.

पोरांसाठी

अण्णांच्या मुलानं फोनवर विचारलं, की ऑप्शनमध्ये थोडे टाकू का. सल्लागारांनी सेबीचा आकडा सांगितला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. शंभरातलं सातच बी उगवतं असं पाकिटावर छापलेलं असतं, तर आपण ती पिशवी घेतली असती का? ज्याच्या घरात पोरगं रात्री फोनवर हिरव्या-लाल रेघा बघत बसतं, त्यानं हा आकडा एकदा जेवताना सांगावा. ओरडू नये, सांगावा. आणि व्हॉट्सॲपवर खात्रीच्या टिपा देणारा कोणीही आला तर नोंदणी क्रमांक मागावा. तिथंच बोलणं संपतं.

उठता उठता अण्णांनी त्यांना विचारलंच, "पुढच्या साली सोयाबीन कितीवर जाईल?"

ते म्हणाले, "मला कळत असतं तर मी तीन बैठकांची फी घेऊन तुमच्या पट्ट्या वाचत बसलो असतो का?"

त्यांनी पुढं दोन गोष्टी वर्षातून दोनदा बघायला सांगितल्या, पेरणीच्या आधी आणि दिवाळीनंतर. कणगी भरलेली आहे का, आणि कोणत्या ठेवीची मुदत संपतेय. बाकी बातम्या ऐकायच्या, पण त्यावर पैसे हलवायचे नाहीत. मी माझ्या वहीत शेवटच्या पानावर तसा तक्ता आखलाय. पेरा, खत, फवारणी, पट्टी या रकान्यांच्या शेजारी आता एक रकाना ठेवीच्या मुदतीचा आहे. आपापल्या वहीत आखून घ्या. आणि ज्यांच्या पट्ट्या आडत्याकडंच पडून असतात, त्यांनी यंदापासून मागून घ्या, त्यांच्याशिवाय यातला कुठलाच हिशोब मांडता येत नाही.